पन्हाळा ते करपेवाडी: एका दिवसात पठार, रान आणि वाड्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून कोल्हापूरला येताय, बरोबर साठी ओलांडलेले पण रोज चालणारे वडील आणि तेरा वर्षांचा मुलगा. पन्हाळा ते विशाळगड ही दोन दिवसांची चाल जमणारी नाही. मग एका दिवसात गवताळ पठार, जंगल आणि इतिहास असलेली गावं बघायला मिळतील अशी वाट कोणती, कधी निघायचं आणि वाटाड्या लागतो का?

मी या भागात पाहुण्यांना घेऊन बऱ्याच वर्षांपासून हिंडतो, त्यामुळे थेट सांगतो. पन्हाळ्याहून निघा, म्हाळुंगेवरून मसाई पठार चढा, ते आडवं तुडवून कुंवारखिंडीत उतरा आणि खोतवाडी, चाफेवाडी, मांडलाईवाडी करत करपेवाडीत थांबा. पावनखिंडीच्या वाटेचा हा पहिला टप्पा. वीसच्या वर किलोमीटर पडतात. मुलाला घेऊन, खातपीत, बघत बघत गेलात तर आठ-नऊ तास धरा. चढ एकच, तो मसाईचा. बाकी उतार, सपाटी आणि ओढ्या-ओहोळांची चढउतार.

आता "पावनखिंड नाही तर मग काय मजा" असं कुणी तरी तुम्हाला म्हणेलच. लोक या वाटेवर खिंड गाठायच्या घाईनं पळतात आणि मधला मुलूख बघायचा राहून जातो. तुम्ही मागितलेल्या तिन्ही गोष्टी पहिल्याच टप्प्यात आहेत, आणि त्या बघायला वेळ हाताशी हवा.

दिवसांचं म्हणाल तर दिवाळीच्या आसपासचे तुमचे दिवस चांगले आहेत. ऑक्टोबर अर्धा उलटला की पाऊस ओसरतो, ओढ्यांना पाणी असतं पण ओलांडताना भीती नसते, आणि खाली वाड्यांत भाताची सुगी चालू असते. जुलैत येऊ नका. 12 आणि 13 जुलैच्या आगेमागे पन्हाळा-पावनखिंड मोहिमांचे जत्थे निघतात. त्यात भगवे झेंडे असतात, घोषणा असतात, गुडघाभर चिखल असतो. त्याची गंमत वेगळी आहे आणि तरण्या पोरांनी ती जरूर अनुभवावी. पण पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवून चालायचं असेल तर पठार काय आणि गाव काय, सगळं सारखंच. धुकं असलं तर तेवढंही दिसत नाही. फेब्रुवारीनंतरही नको. गवत वाळून जातं, पठारावर सावलीला झाड नाही, आणि वणवा लागलेला असला तर काळ्या राखेतून चालावं लागतं.

शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी पन्हाळ्यावर मुक्कामाला या. कोल्हापूरहून पन्हाळा जेमतेम वीस किलोमीटर. सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, एसटी मिळते, पण सकाळच्या गाडीनं आलात तर चालायला सुरुवात करेपर्यंत ऊन वर येतं. गडावर बघण्यासारखं खूप आहे आणि 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांच्या यादीतून युनेस्कोच्या जागतिक वारशात पन्हाळ्याचं नाव गेल्यापासून गर्दीही असते. मी तुम्हाला दोनच ठिकाणं सुचवतो: तीन दरवाजाशेजारची अंधारबाव आणि अंबरखाना. सज्जा कोठी, वाघ दरवाजा, ताराराणींचा वाडा हे सगळं परत कधी तरी गाडीनं या तेव्हा बघा.

अंधारबाव म्हणजे मजले असलेली विहीर. वरून बघताना साधी इमारत वाटते, आत उतरलं की तळाशी पाणी. शत्रूनं विहिरीत विष घालू नये म्हणून ती अशी झाकून बांधली, असं सांगतात. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती नावाची धान्याची कोठारं आहेत. मुलाला त्या उंच छताखाली उभं करा आणि मग सांगा की मार्च 1660 पासून जुलैपर्यंत आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा वेढा या गडाला पडला होता आणि शिवाजी महाराज आत होते. धान्य इथं, पाणी तिथं. गड एवढे दिवस कशाच्या बळावर झुंजला ते पुस्तकात वाचण्यापेक्षा या दोन जागी उभं राहून लवकर कळतं. राजापूरच्या इंग्रजांनी तोफा आणून जौहरला मदत केली, आणि पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटून त्याचा हिशेब चुकता केला, हेही सांगा. पोरांना ही गोष्ट आवडते.

पाण्याची गोष्ट मी मुद्दाम आधी काढली, कारण उद्या दिवसभर तुम्हाला तीच दिसणार आहे. पन्हाळा असो की मसाई, माथ्यावर जांभ्याचं टोपण आहे. जांभा सच्छिद्र. पावसाळ्यात त्याच्या भेगांतून पाणी आत मुरतं, खाली चिकणमातीच्या थराशी पोचलं की अडतं आणि मग आडवं सरकत डोंगराच्या कडेला झऱ्याच्या रूपानं बाहेर पडतं. त्या थराच्या खाली आपला नेहमीचा काळा पाषाण. म्हणून माथा नोव्हेंबरातच कोरडा पडतो आणि त्याच्या कमरेला मात्र उन्हाळ्यापर्यंत पाझर असतो. वाड्या कुठं वसल्या, लेणी कुठं कोरली, गुरांच्या वाटा कुठून कुठं जातात, हे सगळं त्या ओल्या रेषेनं ठरवलेलं आहे. एकदा ही रेषा ओळखता आली की नकाशा न उघडताही बरंच उमगतं.

सकाळी साडेसहाला पुसाटी बुरुजाच्या अंगानं पश्चिमेला निघा. राजदिंडीची वाट इथूनच उतरते. आषाढ पौर्णिमेच्या रात्री, भर पावसात, महाराज निवडक मावळ्यांसह गडाबाहेर पडले ते या बाजूनं. दुसऱ्या पालखीत महाराजांचं सोंग घेऊन बसलेला शिवा काशीद गडाच्या पायथ्याच्या नेबापूरचा. पन्हाळ्यावर त्याचं स्मारक आहे, त्याला नमस्कार करूनच खाली उतरायचा प्रघात आहे. तुम्हीही करा.

उतार थोडा घसरडा असतो. रात्रीचं दव आणि झाडांची सावली यामुळं सकाळी दगडावर शेवाळ ओलं असतं. इथं वडिलांच्या हातात काठी द्या आणि मुलाला त्यांच्या पुढं ठेवा, मागं नको. मुलं मागून घसरली की पुढच्याला घेऊन जातात. उतरून झालं की तुरुकवाडी आणि मग म्हाळुंगे. मधे मधे डांबरी लागते, त्याचा राग मानू नका. गावांना रस्ते हवेतच. म्हाळुंग्यात पाण्याच्या बाटल्या काठोकाठ भरून घ्या. पुढं पठार संपेपर्यंत भरवशाचं पाणी नाही.

मसाईचा चढ अर्ध्या-पाऊण तासाचा. हल्ली गाडीही पठारावर जाते, त्यामुळं सुट्टीच्या दिवशी मोटारी, ड्रोन, लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी, सगळं वर सापडेल. पण ते सगळं गाडी जिथवर पोचते तिथवरच. अर्धा तास पुढं चाललात की तुम्ही, गुरं आणि वारा. तिथून पुढच्या पठारासाठी मी लोकांना इथं आणतो.

मसाई एकच सपाट मैदान आहे असं वाटतं, पण ते तसं नाही. टप्प्याटप्प्यानं खाली-वर होणारे जांभ्याचे सडे, म्हणजे उघडे खडकाळ माथे आहेत, मधे उथळ खळगे, आणि कडेला अचानक तुटलेला कडा. सड्यावर चालताना पायाखाली नीट बघा. जांभ्याचा पृष्ठभाग मधमाशीच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा असतो आणि भोकांच्या कडा धारदार. पातळ तळव्याचा बूट असला तर तासाभरात तळपाय बोलायला लागतात. खळग्यांत जिथं अजून ओल असते तिथं बोटभर मातीचा थर साचलेला असतो, आणि पावसाळा सरता सरता सगळी फुलं त्या बोटभर मातीत. सप्टेंबरात आलात तर निळी-जांभळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, तेरडा, सोनकी यांचा गालिचा असतो. दिवाळीपर्यंत बरंचसं ओसरलेलं असतं, तरी ओलसर कोपऱ्यात गुडघे टेकून बघा. लालसर पानांवर चिकट थेंब असलेलं इवलंसं दवबिंदू दिसलं तर मुलाला दाखवा. हे झाड किडे खातं. मातीत नत्र नाही म्हणून ते किड्यातून मिळवतं. सीतेची आसवंही तोच धंदा करतात, फक्त मातीखाली, फुग्यासारख्या पिशव्यांत, आपल्याला न दिसता. म्हणूनच या सड्यावर गाडी फिरवणं हा माझ्या लेखी गुन्हा आहे. चाकाखाली गेलेला तो बोटभर थर परत साचायला किती पावसाळे लागतील कोण जाणे. सरकारनं पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिलाय, तरी चाकांच्या खुणा तुम्हाला दिसतीलच.

दिवाळीच्या सुमारास दुसरी एक गोष्ट नक्की भेटेल: कुसळं. गवत पिकलेलं असतं आणि त्याची कुसळं मोजे, पँट, बुटाच्या लेस, सगळ्यात घुसतात. ती नुसती चिकटत नाहीत, चालण्याच्या हालचालीनं आत आत शिरतात आणि घोट्याला टोचायला लागतात. लोकरीचे किंवा सैल विणीचे मोजे घालू नका. गुळगुळीत कापडाची, पायघोळ पँट मोज्यांवर सोडा. धनगर पोरं अनवाणी किंवा चपलेत निवांत फिरताना दिसतील. त्यांच्या पायांशी आपली बरोबरी नाही.

हे पठार म्हणजे आसपासच्या वाड्यांचं गायरान. म्हशी, गायी, शेळ्या सकाळी वर येतात आणि दिवस कलला की खाली उतरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवतकापणी चालते, बायकामाणसं डोक्यावर भारे घेऊन कड्याच्या वाटेनं उतरतात. समोरून भारा आला तर तुम्ही बाजूला व्हा, तेही डोंगराच्या बाजूला, दरीच्या नव्हे. भाऱ्याखालच्या माणसाला फक्त स्वतःच्या पायापुरतं दिसत असतं.

मसाई देवीचं देऊळ वाटेतच आहे. न्याहारी इथं करा, सावली आहे. दर्शन घ्या, देवळाच्या आवारात खरकटं सांडू नका, माकडं आणि कुत्री दोन्ही मागं लागतात.

पांडवदरा लेणी बघायची की नाही, हा प्रश्न इथं येतो. पठाराच्या कडेखाली कोरलेली ही बौद्ध लेणी आहेत. नाव पांडवांचं, जसं महाराष्ट्रात बहुतेक लेण्यांना आहे. मघाशी सांगितलेल्या ओल्या रेषेच्या अगदी शेजारी, दाट झाडीत. भिक्षूंनी जागा निवडली ती वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामासाठी, आणि पाणी कुठं टिकतं हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. पण उतरून परत चढायला दीड तास जातो. तुमच्याबरोबर वडील आहेत, पुढं अर्धी वाट बाकी आहे. मी तुमच्या जागी असतो तर या खेपेला लेणी सोडली असती. आणि गेलातच तर अत्तर लावून, धूर करून किंवा आरडाओरडा करत जाऊ नका. अशा कपारींत आग्या मोहोळ असतं.

आता धुक्याचं. दिवाळीत सहसा नसतं, पण परतीचा पाऊस रेंगाळला तर सकाळी पठार पांढरं होतं आणि दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. या वाटेवर माणसं चुकतात ती इथंच, जंगलात नाही. कारण सड्यावर पाऊलवाट उमटत नाही. जी उमटते ती गुरांची, आणि गुरांच्या वाटा दोन प्रकारच्या. एक पाण्याकडं जाणारी, खाली खाली अरुंद होत कड्याच्या घळीत शिरणारी. दुसरी चरायला पसरणारी, जी पन्नास पावलांवर गवतात विरघळून जाते. माणसाची वाट अशी अचानक संपत नाही. म्हणून पायाखालची वाट विरली की पुढं रेटू नका, शेवटच्या खुणेपाशी परत या. मोहिमेवाल्यांनी जागोजागी दगडांवर बाण रंगवलेत, मधे मधे फलकही आहेत, त्यातला शेवटचा दिसलेला लक्षात ठेवायचा. आणि धुक्यात कड्याकडून वारा अंगावर चढून आल्यासारखा वाटला तर थांबा, कडा जवळ आहे. फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवा, पठारावर रेंज येते-जाते आणि खिंडीपलीकडं बरीचशी जातेच.

वाटाड्या लागतो का? स्वच्छ हवा असेल आणि तुमच्यापैकी एकाला सह्याद्रीत चालायची सवय असेल तर नाही लागत. पण मी म्हणेन, तरी घ्या. म्हाळुंग्यात किंवा आदल्या दिवशी पन्हाळ्यावर विचारलंत तर कुणी ना कुणी येतं. पैसे निघण्याआधी मोकळेपणानं ठरवा आणि त्यात त्याच्या परतीच्या गाडीचे पैसे धरा. तो तुम्हाला करपेवाडीत सोडून घरी कसा जाणार, हा विचार बहुतेक पाहुणे करतच नाहीत.

पठार संपतं आणि कुंवारखिंडीचा उतार लागतो. इथं घड्याळ बघा. बारा, फार तर साडेबारा वाजले असतील तर पुढं चला. दीड वाजून गेला असेल, किंवा वडिलांचे गुडघे कुरकुरत असतील, तर इथूनच मागं फिरा आणि पठारावर गाडी बोलवा. पुढं गेल्यावर मधेच सोडायला सोपी जागा नाही असं नाही, वाड्यांना रस्ते आहेत. पण तिथं गाडी बोलवायला रेंज लागते आणि वाट बघण्यात संध्याकाळ होते. नोव्हेंबरात सहा वाजता अंधार पडतो आणि झाडीत त्याच्याही आधी.

खिंडीत उतरताना मुलूख बदलतो. गवत मागं राहतं आणि जांभूळ, अंजनी, हिरडा, ऐन, किंजळ यांची दाटी सुरू होते, खाली करवंदीच्या जाळ्या आणि कारवी. हवा एकदम गार लागते. उताराला पालापाचोळ्याखाली मुरमाची गोटी असते, ती पायाखाली फिरते. टाच आधी टेकवत ताठ चालण्यापेक्षा गुडघे किंचित वाकवून, बारीक पावलं टाकत उतरा. वडिलांना सांगा की झाडाला धरायचं तर बुंध्याला धरा, फांदीला नको. अर्ध्या फांद्या वाळक्या असतात. शिवाय धरायच्या आधी बघा. हिरवा चापडा फांदीवर निवांत पडलेला असतो आणि पानात मिसळून जातो. वर सड्यावर दगडाखाली फुरसं असू शकतं, म्हणून बसायला दगड उलटवू नका. साप चावल्याची वेळ आलीच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको. हातपाय हलू न देता माणसाला शांत ठेवा, 108 ला फोन लावा आणि कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयाकडं निघा.

गवे आहेत. बिबट्याही आहे, पण त्याची आणि तुमची गाठ दिवसा पडणं कठीण. गवा दिवसाढवळ्या वाटेवर उभा राहू शकतो. कळप असेल तर थांबा, तो आपल्या गतीनं निघून जातो. एकटा नर असेल तर मागं या, बरंच मागं, आणि वळसा घाला. शिट्ट्या मारून, दगड भिरकावून त्याला हाकलायचा शहाणपणा करू नका. मोबाईल काढून जवळ जाणारे तर मला समजतच नाहीत.

खिंडीखाली खोतवाडी, मग चाफेवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी. ही नावं फलकावर वाचताना सारखीच वाटतात पण प्रत्येकीचा नूर वेगळा. भाताची खाचरं बांधाबांधानं उतरत आलेली, वरकस जमिनीत नाचणी आणि वरी, खळ्यावर मळणी. दिवाळीत आलात तर घराघरासमोर भात वाळत घातलेलं असेल. त्यावरून पाय टाकू नका, कडेनं जा. उतारावर वर बघाल तर दोन-चार घरांचे धनगरवाडे दिसतात. गवळी धनगरांची ही वस्ती, म्हशींवर जगणारी. माणसांच्या घराएवढाच, कधी त्याहून मोठा म्हशींचा गोठा, जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत, बाहेर लाकडाची रास. कुत्री भुंकत धावून येतील. पळू नका, काठी उगारू नका, थांबून घरच्यांना हाक द्या. आतून कुणी तरी "हाड" म्हटलं की काम झालं.

"कुठनं आलासा पाव्हणं? कुठं चाललासा?" हा प्रश्न हमखास येतो. घाईत "पुढं" म्हणून सुटू नका. कुठून आलात, कुठं जायचंय, बरोबर कोण आहे, हे नीट सांगा. एक तर ती रीत आहे, आणि दुसरं म्हणजे संध्याकाळी तुम्ही करपेवाडीत पोचला नाहीत तर तुम्हाला शेवटचं कुणी बघितलं हे या लोकांनाच माहीत असतं. म्हाताऱ्यांना मामा, बाईमाणसांना मावशी म्हणा. वाट विचारताना "करपेवाडीला हीच वाट का?" असं विचारू नका, पुष्कळदा भिडेखातर "व्हय" येतं. "करपेवाडीला कुठनं जायाचं?" असं विचारा, म्हणजे हात करून दाखवतात. किती वेळ लागेल हे मात्र त्यांना विचारण्यात अर्थ नाही. त्यांचा अर्धा तास म्हणजे आपला सव्वा तास.

ताक देऊ केलं तर घ्या. म्हशीच्या दुधाचं, थोडं धुरकट वासाचं, मीठ घातलेलं. त्याचे पैसे सहसा घेत नाहीत आणि आग्रह केला तर वाईट वाटून घेतात. पोरांच्या हातात नोटा किंवा चॉकलेटं ठेवून सवय लावू नका. घरात तूप किंवा खवा विकायला असेल तर तो विकत घ्या, तो त्यांचा धंदा आहे आणि भाव योग्य असतो. दुपारचं जेवण करपेवाडीत मिळू शकतं, पण आधी निरोप गेला असेल तरच. तुमच्या वाटाड्याला आदल्या दिवशी फोन करायला सांगा. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, खर्डा, पिठलं, दही, असा साधा बेत असतो. तोवर पोटाला आधार म्हणून पन्हाळ्यावरून झुणका-भाकरी बांधून घ्या. बिस्किटांच्या पुड्यांनी मुलाचं पोट भरतं पण पायात जोर येत नाही.

इतिहासाबद्दल एक सांगतो. वाटेत अनेक जण छातीठोकपणे "महाराज या दगडावर बसले, इथं पाणी प्याले" असं सांगतील. ऐका, पण मुलाला पाठ करायला लावू नका. पन्हाळा सोडला, जौहरचा सिद्दी मसूद पाठीवर आला, घोडखिंडीत (तीच आताची पावनखिंड) बाजीप्रभू आणि बांदलांनी त्याला रोखून धरलं, विशाळगडालाही सुर्वे आणि दळव्यांचा वेढा होता तो फोडून महाराज गडावर पोचले, 13 जुलै 1660, एवढं ठाम आहे आणि तेवढं पुरेसं मोठं आहे. त्या रात्री पायांखाली असलेली पाऊलवाट तंतोतंत हीच, असा दावा करायची गरज नाही. डोंगर तेच आहेत, ओढे तेच आहेत. मुलाला फक्त एवढं विचारा की दिवसा, कोरड्या वाटेवर, खाऊनपिऊन तुला आठ तास लागले, मग रात्री, पावसात, पालखी खांद्यावर घेऊन पळायचं म्हणजे काय? त्याचं उत्तर तो स्वतःच शोधेल.

सामानाचं थोडक्यात. माणशी किमान तीन लिटर पाणी. खोल खाचांच्या तळव्याचे बूट, आधी आठ-पंधरा दिवस वापरून मऊ केलेले. नवे कोरे बूट घालून येणाऱ्यांच्या टाचा मांडलाईवाडीतच सोलतात. कोल्हापुरी चप्पल घरी नेण्यासाठी घ्या, चालण्यासाठी नको. टोपी, कारण पठारावर दोन-अडीच तास डोक्यावर काही नाही. बॅटरी प्रत्येकाकडं स्वतंत्र. वडिलांची नेहमीची औषधं दोन ठिकाणी ठेवा, एक त्यांच्या खिशात, एक तुमच्या पाठपिशवीत. मीठ-साखरेची पुडी. वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, सगळं परत घेऊन या. वाड्यांत कचरागाडी येत नाही, तुम्ही टाकलेलं प्लॅस्टिक शेवटी म्हशीच्या पोटात जातं.

परतीची सोय सकाळी निघायच्या आधी झालेली असली पाहिजे, यावर मी अडून बसतो. करपेवाडीतून हव्या त्या वेळी एसटी मिळेल या भरवशावर राहू नका. वडाप, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या जीप खालच्या मोठ्या गावांतून चालतात, पण दुपार टळली की पातळ होतात. कोल्हापूर किंवा पन्हाळ्यातून एक गाडी ठरवा आणि तिला चार वाजता करपेवाडीत येऊन थांबायला सांगा. चालकाला गावाचं नाव दोनदा सांगा आणि वाटाड्याशी त्याचं बोलणं करून द्या, कारण करपेवाडी, खोतवाडी, आंबेवाडी यांच्यात चालक हटकून गोंधळतात. येताना बाजारभोगाव, कळे मार्गे कोल्हापूर गाठता येतं. रस्ता कासारी नदीच्या खोऱ्यातून येतो. हीच कासारी पुढं कुंभी, तुळशी, भोगावतीला मिळून पंचगंगा होते. दिवसभर ज्या पठारावरचं पाणी मुरताना आणि झिरपताना बघितलंत त्यातलं थोडं तरी कोल्हापूरच्या घाटावर पोचतं.

वडिलांना एवढं झेपणार नाही असं वाटत असेल तर त्यांना वगळू नका, वाट कापा. सकाळी गाडीनं थेट मसाई पठारावर जा, देवळापासून कुंवारखिंडीच्या तोंडापर्यंत चाला आणि त्याच वाटेनं परत या. चढ जवळपास नाही, चार-पाच तासांत होतं. वाड्या हुकतील, पण त्यासाठी परतताना म्हाळुंग्यात तासभर थांबता येईल. किंवा वडिलांना पठारावरून गाडीनं वळसा घालून करपेवाडीत आणा आणि तुम्ही बापलेक चालत या. पुष्कळ कुटुंबांना मी हाच सल्ला देतो, आणि गाडीतून आलेले आजोबा आधी पोचून गावातल्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारत बसलेले असतात.

उरलेला टप्पा, म्हणजे करपेवाडीपुढं आंबेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी, म्हसवडे करत पांढरेपाणी आणि पावनखिंड, तो वेगळ्या दिवशी करा. तिकडं झाडी जास्त दाट, ओढे जास्त, आणि पावसाळ्यात जळवा इतक्या की मोज्यात तंबाखू किंवा मीठ चोळून चालावं लागतं. तुमचा मुलगा करपेवाडीत पोचल्यावर "अजून किती?" म्हणाला तर एक-दोन वर्षं थांबा. "पुढं काय आहे?" म्हणाला तर पुढच्याच सुट्टीत घेऊन या.